रुजू होण्याआधी डोरा अकुन्यिलींविषयी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

निवड यादीत तुझं नाव पाहिलं आणि मन भरून आलं. पत्रात तू एकच प्रश्न विचारला आहेस: औषध निरीक्षकाच्या नोकरीत सरळ राहून काम होतं का? होतं. पण एवढ्या एका शब्दावर तुझं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून नायजेरियाच्या एका बाईंची कारकीर्द जरा सविस्तर सांगतो. त्यांचं नाव डोरा अकुन्यिली. 2001 ते 2008 या काळात त्या नायजेरियाच्या अन्न व औषध नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅफडॅकच्या, महासंचालक होत्या. आपल्याकडे त्यांना फारसं कुणी ओळखत नाही. ओळखायला हवं, कारण ज्या बनावट औषधांशी त्या झुंजल्या त्यांतली बरीच आपल्याच देशातून तिकडे जात होती.

जन्म 1954 चा, मकुर्डी गावचा. घराणं इग्बो या तिथल्या मोठ्या समाजातलं. न्सुक्काच्या विद्यापीठात त्या फार्मसी शिकल्या, 1985 मध्ये औषधशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि तिथेच शिकवू लागल्या. म्हणजे तुझ्या-माझ्यासारख्याच प्रयोगशाळेतून आलेल्या. 1988 मध्ये त्यांची धाकटी बहीण व्हिवियन गेली. तिला मधुमेह होता आणि तिला दिलेलं इन्शुलिन बनावट होतं. औषधशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या घरात खोट्या औषधाने मृत्यू यावा, यावरून त्या काळच्या तिथल्या बाजाराची कल्पना कर. लागोसची इडुमोता, नायजर नदीकाठचं ओनित्शा, आबा, कानो इथल्या बाजारांत औषधं ढिगाने, उघड्यावर, उन्हात विकली जायची. 1990 मध्ये पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन गेलं आणि शंभरावर मुलं दगावली.

या रसायनाचं नाव मुंबईने त्याआधीच ऐकलं होतं. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात मेंदूचा आणि डोळ्यांचा दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन दिलं गेलं, त्यात हेच भेसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन 14 माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने मग पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्रालय यांचे धागे एकेक करून उलगडले. डायएथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, दिसायला ग्लिसरीनसारखं असतं आणि स्वस्त असतं. तिन्ही गोष्टी व्यापाऱ्याच्या सोयीच्या आहेत. नायजेरियाची गोष्ट परक्यांची म्हणून वाचू नकोस, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता त्यांची नेमणूक कशी झाली ते ऐक. त्या आधी पेट्रोलियम ट्रस्ट फंड नावाच्या सरकारी निधीत आग्नेय विभागाचं काम पाहत होत्या. आजारी पडल्या. लंडनला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणून निधीने त्यांना 17,000 पौंड मंजूर केले. लंडनच्या डॉक्टरांनी तपासलं आणि शस्त्रक्रियेची गरज नाही असं सांगितलं. शस्त्रक्रियेसाठीचे 12,000 पौंड उरले, ते त्यांनी परत भरले. न भरते तर कुणी विचारलंही नसतं. ही हकिकत पुढे अध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांच्या कानावर गेली आणि नॅफडॅकसाठी माणूस शोधताना त्यांना ही बाई आठवली.

विरोध झाला. बनावट औषधांचा धंदा मोठ्या प्रमाणावर इग्बो व्यापाऱ्यांच्या हातात होता आणि अकुन्यिलीही इग्बो. आपल्याच माणसांवर ही बाई काय कारवाई करणार, असा आक्षेप घेतला गेला. पुढे उलटं झालं. आपल्यातलीच असून आपल्यावर उठली, असा राग व्यापाऱ्यांनी धरला. हे दोन्ही बाजूंचं ओझं तुलाही कळेल. जिल्ह्यात गेलीस की पहिल्याच महिन्यात कुणीतरी गाववाला, कुणीतरी नातेवाइकाचा नातेवाईक फोन करील आणि ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणेल. अकुन्यिलींनी आपल्या लोकांशी संबंध तोडले नाहीत. त्या बाजारात जाऊन त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलल्या, मुदत दिली आणि मुदत संपल्यावर माल जप्त केला. तुझ्याकडूनही मला एवढीच अपेक्षा आहे.

पण त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण शौर्य आणि सचोटी यांवरच थांबतात. मला वाटतं त्यांचं खरं मोठेपण कारकुनी कामात आहे. त्या आल्या तेव्हा देशात औषध येण्याच्या वाटा मोजता येणार नाहीत इतक्या होत्या. सगळ्यांवर निरीक्षक उभे करणं अशक्य. मग त्यांनी वाटाच कमी केल्या. जमिनीवरून सीमा ओलांडून औषध आणायला बंदी. ठरावीक दोन बंदरं आणि दोन विमानतळ, बाकी कुठेही औषध उतरवायचं नाही. आयातीच्या पैशाचे कागद बँकेने पुढे सरकवण्याआधी नॅफडॅकची मंजुरी पाहायची. भारत आणि चीनमध्ये तपासणी प्रतिनिधी नेमले, त्यांनी मालाची चाचणी करून प्रमाणपत्र दिल्याशिवाय खोकी जहाजावर चढवायची नाहीत. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांची नावं तेव्हा त्यांच्या काळ्या यादीत गेली. (पुढे 2009 मध्ये चीनमध्ये तयार झालेली हिवतापाची बनावट औषधं ‘मेड इन इंडिया’ छापून नायजेरियात उतरली आणि पकडली गेली. आपल्या नावाची किंमत तिथे काय आहे, हे त्यावरून कळतं. ते नाव राखणाऱ्यांत आता तूही आहेस.)

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. प्रत्येक औषधाच्या पाकिटावर नॅफडॅकचा नोंदणी क्रमांक हवा, हा नियम कागदावर होता. अकुन्यिलींनी तो गिऱ्हाइकाच्या हातात दिला. वर्तमानपत्रांत खऱ्या आणि बनावट औषधांचे फरक छापले: या खोक्यावर अक्षरं अशी आहेत, त्यावर तशी. रेडिओवर, दूरचित्रवाणीवर जाहिराती दिल्या. शाळांमध्ये मुलांचे गट केले. काही वर्षांत तिथल्या रस्त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पिण्याचं पाणी घेणारा माणूसदेखील पिशवी उलटी करून क्रमांक बघू लागला. निरीक्षक शेकड्यांनी असतात, गिऱ्हाइकं कोट्यवधी. नॅफडॅकच्या आकड्यांनुसार 2001 मध्ये बाजारातली सुमारे 41 टक्के औषधं बनावट होती, 2006 पर्यंत हे प्रमाण 16–17 टक्क्यांवर आलं. एकटी बाई कितीही शूर असली तरी असं घडत नाही. हे त्या क्रमांकाने आणि तो वाचणाऱ्यांनी घडवलं.

किंमत मोजावी लागली. 26 डिसेंबर 2003 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, गावाकडे जाताना त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. एक गोळी त्यांच्या डोक्याला गुंडाळलेल्या वस्त्रातून आरपार गेली आणि कवटीला ओरखडा देऊन गेली. जवळच्या एका बसचा चालक मात्र ठार झाला. त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि ते मला आजही टोचतं. 2004 मध्ये नॅफडॅकची कार्यालयं आणि प्रयोगशाळा जळाल्या. त्यांनी काम थांबवलं नाही. 2007 मध्ये ओनित्शाचा औषध बाजार पोलीस आणि सैनिक लावून बंद केला, ट्रकच्या ट्रक बनावट माल बाहेर काढला आणि बाजार काही महिने उघडू दिला नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये ‘माय पिकिन’ नावाचं, दात येणाऱ्या बाळांना द्यायचं सिरप बाजारात होतं. लागोसमध्येच बनलेलं, नोंदणीकृत, क्रमांक असलेलं. त्यात पुन्हा डायएथिलीन ग्लायकॉल गेलं. 84 बाळं गेली. अकुन्यिली तेव्हा पदावरच होत्या. कारखाना बंद केला, माल परत मागवला, पण मुलं गेली ती गेली. त्यांची सगळी तटबंदी बाहेरून येणाऱ्या आणि क्रमांक नसलेल्या मालासाठी होती. हा माल आतून, क्रमांकासह आला. नोंदणी झाली म्हणून कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप तपासला जातोच असं नाही. तू कारखान्यात तपासणीला जाशील तेव्हा तयार गोळ्यांच्या चकचकीत पट्ट्यांकडे आधी पाहू नकोस. भांडारात जा. ग्लिसरीनचा किंवा सिरपमध्ये वापरल्या जाणाऱ्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा पिंप कुठून आला, प्रमाणपत्र मूळ उत्पादकाचं आहे की मधल्या दलालाचं, आणि या बॅचची चाचणी इथे झाली का, हे विचार. उत्तर येताना समोरचा माणूस कुणाकडे बघतो तेही पाहा.

2008 च्या अखेरीस त्या माहितीमंत्री झाल्या. राजकारणातल्या त्यांच्या वर्षांविषयी मला फार सांगायचं नाही, पण एक प्रसंग तुझ्या कामाचा आहे. अध्यक्ष यार’अदुआ आजारपणामुळे महिनोन्महिने देशाबाहेर होते, सत्ता कुणाकडेच रीतसर दिलेली नव्हती आणि मंत्रिमंडळ गप्प होतं. 2010 च्या फेब्रुवारीत अकुन्यिलींनी मंत्रिमंडळापुढे लेखी टिपण ठेवलं: उपाध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्याकडे कारभार द्यावा. सहकारी संतापले. काही दिवसांतच संसदेने तेच केलं. त्या मंत्री असल्या तरी हाताला सवय अधिकाऱ्याची होती. जे म्हणायचं ते कागदावर, सहीनिशी. तुलाही वरिष्ठ तोंडी सांगतील, ‘जरा सांभाळून घ्या.’ उद्धटपणे बोलायचं काही कारण नाही. ‘साहेब, तसं नस्तीवर लिहून द्या’ एवढं नम्रपणे म्हण. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

2011 मध्ये त्या सिनेटची निवडणूक हरल्या. 7 जून 2014 रोजी कर्करोगाने गेल्या, त्याही भारतातल्या एका रुग्णालयात. आपल्या कंपन्यांना काळ्या यादीत टाकणाऱ्या बाईंनी शेवटच्या उपचारांसाठी आपल्याच देशावर भरवसा ठेवला होता.

आणखी एक, अगदी रोजच्या कामाचं. नायजेरियात बनावट औषधाच्या गुन्ह्याला कायद्यात दंड होता 5 लाख नायरांपर्यंत. लाखोंची कमाई करणाऱ्याला तो किरकोळ. पकडलेले लोक सुटायचे, अकुन्यिलींनी त्याबद्दल सतत तक्रार केली. आपला कायदा त्या मानाने कडक आहे, पण आपल्याकडे खटले पडतात ते नमुना नीट न घेतल्यामुळे. दुकानातून औषधाचा नमुना घेतलास की ‘फॉर्म 17’ या छापील अर्जावर कारण लिहून द्यायचं, चार भाग करायचे, प्रत्येकावर सील आणि दुकानदारालाही सही-सील करू द्यायचं. एक भाग त्याला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, एक ज्याच्याकडून माल घेतला असं तो सांगेल त्याला. घाईत, अंधार पडत असताना, दुकानदार चहा मागवत असताना हे करू नकोस. चहा नको म्हण, आणि लाखेचा ठसा पुसट उठला तर पुन्हा लाव. बचाव पक्षाचा वकील पाच वर्षांनी तोच ठसा न्यायालयात धरून उभा राहणार आहे.

रुजू होण्याआधी लेंटिन आयोगाचा अहवाल मिळवून वाच. मोठा आहे, पण नोटिंगची पानं सोडू नकोस. कोणत्या टेबलावर कोणता कागद किती दिवस थांबला हे त्यात दिसतं. कोणता विभाग मिळाला ते कळव. ठाणे किंवा रायगड मिळालं तर तिथल्या कारखान्यांविषयी दोन-चार गोष्टी सांगायच्या आहेत, त्या पत्रात लिहिण्यापेक्षा तू घरी आलीस तर बरं. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझे,
सर