टीमला काम दिलं की बिघडतं, म्हणून सगळं मीच करतो. मॅनेजर म्हणून काय बदलू?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी मॅनेजर झालात, हाताखाली आठ जण आहेत, तरी महिन्याचा रिपोर्ट रात्री नऊपर्यंत बसून तुम्हीच करता, कारण समजावत बसण्यापेक्षा स्वतः केलेलं लवकर उरकतं. मीही एक अख्खा हंगाम हेच म्हणत काढला.

मी पिंपळगाव बसवंतजवळ एका द्राक्ष पॅकहाउसचं काम बघतो. जानेवारी ते एप्रिल आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी तोडलेला माल क्रेटमधून येतो, बायका कात्रीने खराब मणी काढतात, पनेट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्या भरतात, वजन होतं, मग बॉक्स प्रीकूलिंगला, म्हणजे माल पटकन गार करणाऱ्या थंड खोलीत जातात. कोणता माल घ्यायचा, कोणता आधी आत जाऊ द्यायचा, हे सगळं तेव्हा मला विचारून व्हायचं. मार्चमधल्या एका दुपारी मी कागदपत्रांसाठी नाशिकला गेलो आणि माझा फोन लागेना. भरलेले बॉक्स तीन तास हॉलमध्ये पडून राहिले. देठ सुकून तपकिरी पडले, आणि एक्स्पोर्टचा माल लोकल बाजारात द्यावा लागला. त्या दिवशी कुणी कामचुकारपणा केला नव्हता. सगळे माझ्या 'हो'ची वाट बघत होते. हाताचं काम मी त्यांना शिकवलं होतं, निर्णय मात्र सगळे स्वतःकडे ठेवले होते.

शिकवण्याची माझी पद्धतही चुकत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांमधले नवखे कामगार लवकर तयार व्हावेत म्हणून 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम 1940 ते 1945 चालला. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटानेही तो वापरला. त्यातली एक गोष्ट मी उचलली: प्रत्येक कामाची पायरी सांगायची, त्यातली खुबी सांगायची, आणि खुबीमागचं कारणही सांगायचं. घड देठाला धरायचा, बोटं मण्यांना लागू द्यायची नाहीत, कारण मण्यावरची पांढरट लव, म्हणजे मेणासारखा पातळ थर, पुसली गेली की माल हाताळलेला दिसतो. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागता कामा नये, कारण टोचलेला मणी गळतो आणि बॉक्समध्ये बुरशी तिथूनच धरते. मग समोरच्याने काम करून दाखवायचं आणि करता करता कारण आपल्या तोंडाने सांगायचं. पहिल्या दिवशी प्रत्येक बॉक्स बघतो, पुढे हळूहळू कमी.

कारणाचा उपयोग मला एका नव्या मुलीने दाखवला. दवाने ओले झालेले घड तिने आपणहून बाजूला काढून वाळत ठेवले. हे मी कधीच शिकवलं नव्हतं. पण बुरशी धरू नये म्हणून बॉक्समध्ये ठेवलेला पॅड ओलावा लागला की गंधकाचा वायू सोडतो, एवढं तिला माहीत होतं. ओल जास्त झाली तर वायू एकदम सुटेल आणि मणी पांढरे पडतील, हे तिचं तिनेच जुळवलं.

निर्णय सोपवताना मी हद्द आधीच बोलून घेतो: हे परस्पर ठरवा, हे ठरवून मला कळवा, हे मात्र आधी विचारा. माल घेणं-नाकारणं मी एका अनुभवी ताईंकडे दिलं. पुढच्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि त्यांनी तडकलेल्या मण्यांमुळे एक अख्खी गाडी थांबवली. शेतकऱ्याने थेट मला फोन केला. त्याची वर्षभराची मेहनत त्या क्रेटमध्ये होती, ते ऐकताना पोटात तुटत होतं. मी गेलो, ताईंना बाजूला घेऊन विचारलं, "निवडून घेता येईल का?" त्यांनी चार घड उलगडून दाखवले, आतपर्यंत तडे होते. मग त्यांच्यासमोरच शेतकऱ्याला सांगितलं, "दादा, ताई म्हणतात तेच." निर्णय चुकलेला असता, तरी तो मी त्यांनाच बदलायला लावला असता. तिथे मी चारचौघांत फिरवला असता, तर दुसऱ्या दिवशीपासून सगळ्या गाड्या पुन्हा माझ्या दारात उभ्या राहिल्या असत्या.

तुम्ही त्या रिपोर्टपासूनच सुरुवात करा. एकाला निवडा. या महिन्यात त्याला शेजारी बसवून करा, प्रत्येक आकडा कुठून येतो आणि वरचे साहेब त्यावरून काय ठरवतात ते सांगा. पुढच्या महिन्यात तो करील, तुम्ही शेजारी बसा. तिसऱ्या महिन्यात फक्त पाठवण्याआधी बघा. मांडणी तुमच्यासारखी नसेल. आकडे बरोबर असतील तर हात न लावता पुढे जाऊ द्या, त्याच्याच नावाने.