चॉकलेट मोदकाचं नेमकं कुठे बिनसतं?

मागच्या अंकात चॉकलेट मोदकाचा नुसता उल्लेख केला होता, तर प्रश्नच प्रश्न आलेत. गणपती तोंडावर आलेत म्हणून नेहमीचे विषय बाजूला ठेवून या वेळी फक्त मोदकच घेतेय. आणि "ओव्हन नाही, चालेल का" असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगते, आपल्या मोदकाला ओव्हन कधी लागला होता?

प्रश्न : मी पातेल्यात पाणी उकळून वर स्टीलचा वाडगा ठेवून चॉकलेट वितळवलं. आधी छान पातळ झालं आणि मग एकदम गोळाच, ढवळावं तसं अजून घट्ट. पाव किलो चॉकलेट फेकून दिलं. गॅस मोठा होता म्हणून झालं का? (डोंबिवली)

उत्तर : अगं फेकलंस कशाला! गॅसचा दोष थोडा, खरा घोळ वाफेचा. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे बारीक कण फॅटमध्ये मिसळलेले असतात, पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे वाफेचे दोन थेंब जरी पडले तरी साखर ओली होऊन चिकट होते आणि सगळे कण एकमेकांना धरून बसतात. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की खडे होतात ना, तसंच. म्हणून वाडगा पातेल्यापेक्षा मोठा घ्यायचा म्हणजे कडेने वाफ वर येत नाही, बुड पाण्याला टेकू द्यायचं नाही, पाण्याला उकळी आली की गॅस बंद, आणि वर झाकण अजिबात नाही, झाकणाचंच पाणी आत टपकतं. वाडगा उचलला की आधी बुड पुसायचं, मी स्वतः एकदा न पुसता साच्यात ओतायला गेले आणि बुडाचे थेंब थेट साच्यात. मायक्रोवेव्ह असेल तर अजून सोपं, आधी 30 सेकंद, मग 15-15 सेकंद आणि दर वेळी ढवळायचं, कारण आत वितळलेलं असलं तरी तुकडे दिसायला तसेच्या तसे उभे असतात आणि आपण फसून अजून तापवतो, मग जळतं.

आता गंमत अशी की थोडं पाणी बिघडवतं पण जास्त पाणी सांभाळून घेतं. गोळा झालाच तर गरम दूध किंवा क्रीम चमचा-चमचा घालत ढवळत राहा, सॉससारखं सैल होईल. ते साच्यात कडक सेट होणार नाही, पण बिस्किटाच्या चुऱ्यात घालून मोदक झकास होतात.

प्रश्न : दुकानात डार्क कंपाउंड आणि साधं डार्क चॉकलेट दोन्ही असतं, भावात बराच फरक. कुठलं घेऊ? आरतीपर्यंत मोदक ताटात टिकायला हवेत. (नाशिक)

उत्तर : पाकिटामागे बघा. कोको बटर लिहिलं असेल तर खरं चॉकलेट, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर कंपाउंड. कोको बटर साधारण 34 अंशाला वितळतं, म्हणजे तोंडात विरघळतं ते त्याचमुळे, आणि समया-निरांजनांच्या शेजारी ठेवलं तर ताटातही विरघळतं 😀 शिवाय त्याला टेम्परिंग लागतं, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून, उतरवून परत थोडं तापवणं. डार्क असेल तर 45-50 अंशाला वितळवा, 27-28 पर्यंत उतरवा, परत 31-32 ला आणा. थर्मामीटर घेऊन बसायची हौस असेल तर जरूर करा, तो कटकन तुटणारा आवाज आणि ती चकाकी कंपाउंडला येत नाही. पण घरात पाहुणे, एकीकडे उकड काढायची, त्यात हे? पहिल्या दिवसाला कंपाउंडच घ्या. चव थोडी मेणचट लागते हे खरंय, म्हणून मी नुसत्या कंपाउंडचे मोदक कधीच करत नाही, बाहेरून पातळ कवच आणि आत भाजलेलं खोबरं, बदामाचा चुरा, वेलची असं सारण भरते. साचा सिलिकॉनचा आणि कोरडा ठणठणीत हवा, तूप लावायचं नाही.

प्रश्न : मावा न घालता, मुलांना स्वतः करता येतील असे सांगा ना. (सांगली)

उत्तर : मारी बिस्किटं 200 ग्रॅम मिक्सरला बारीक करून चाळा, 2 मोठे चमचे कोको पावडर (ड्रिंकिंग चॉकलेट नको, त्यात साखर असते), 1 चमचा पातळ तूप आणि कंडेन्स्ड मिल्क. ते आधी अर्धी वाटीच घाला आणि मग लागेल तसं, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा झाला की थांबा. दहा मिनिटं झाकून ठेवलं की बिस्किट अजून ओढून घेतं, म्हणून सुरुवातीला सैल वाटलं तरी लगेच चुरा वाढवू नका. या साच्याला मात्र तुपाचा हात लावायचा. छोट्या साच्यात 20 ग्रॅमचा एक धरला तर 21 आरामात निघतात, मुलांनी मधे गोळा चाटला नाही तर.

प्रश्न : माव्यात चॉकलेट घातलं तर सगळं तुपकट आणि सैल झालं. (पुणे)

उत्तर : घाई केलीत. मावा मंद आचेवर परतून कोमट होऊ द्या, हाताला सोसेल इतका, मगच किसलेलं चॉकलेट आणि पिठीसाखर. गरम माव्यात साखर विरघळते आणि चॉकलेटचं तूप सुटतं. हे मोदक पावसाळी हवेत बाहेर ठेवायचे नाहीत, फ्रीजमध्येच, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

प्रश्न : फ्रीजमधून काढल्यावर चॉकलेटवर पांढरं आलं. बुरशी आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : चॉकलेटच्या कवचावर सारखा पांढुरका थर असेल तर बहुतेक वेळा बुरशी नसते. तुमच्याकडची भाद्रपदातली दमट हवा, थंड चॉकलेटवर दव धरतं, साखर विरघळते आणि सुकली की पांढरी खरखरीत राहते. खरखरीत नसून गुळगुळीत करडे पट्टे असतील तर फॅट वर आलंय. दोन्ही खाल्लं तरी चालतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डबा बाहेर काढून अर्धा तास तसाच बंद राहू द्या, मग उघडा. माव्याचा मोदक असेल आणि केसाळ, हिरवट काही दिसलं किंवा आंबट वास आला तर मात्र सरळ टाकून द्या.

प्रश्न : सासूबाई म्हणतात चॉकलेटचा नैवेद्य दाखवायचा नाही. तुम्ही काय म्हणाल? (ठाणे)

उत्तर : मी सासू-सुनेच्या मधे पडत नाही! आमच्याकडे नैवेद्याला उकडीचेच आणि संध्याकाळच्या आरतीला मुलांसाठी हे. पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना तेवढं त्यांना दाखवा, आणि एक मोदक न सांगता त्यांच्या ताटलीत ठेवा.