वाचकांचे प्रश्न : सीए फायनलचा अभ्यास आणि वेळेचे गणित

प्रश्न : मी मूळची सांगलीची असून सध्या पुण्यातील एका सीए फर्ममध्ये आर्टिकलशिप (फायनलपूर्वीची प्रशिक्षणार्थी उमेदवारी) करते आहे. येत्या ऑक्टोबरअखेर माझी दोन वर्षे पूर्ण होतील. त्यानंतर मे महिन्यात फायनलचे दोन्ही ग्रुप (प्रत्येकी तीन पेपर) एकत्र द्यावेत, असा विचार आहे. सीनिअर सांगतात की रोज चौदा तास बसल्याशिवाय फायनल निघत नाही. मला मात्र सात-आठ तासांपुढे काही डोक्यात शिरत नाही. दोन्ही ग्रुप द्यावेत की एकच? सहा महिन्यांचे वेळापत्रक कसे आखावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तासांविषयी लिहितो, कारण चौदा तासांच्या आकड्याचा धसका घेऊन पहिल्याच महिन्यात थकून गेलेले बरेच विद्यार्थी माझ्या पाहण्यात आहेत. परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत बारा तास बसणे बहुतेकांना जमते, परंतु नोव्हेंबरपासून रोज तेवढे बसायचे ठरवले तर डिसेंबरात आजारपण येते किंवा कंटाळा येतो आणि हातातले आठ तासही जातात. तुमचे आठ तास पुरेसे आहेत. अट एवढीच की त्यांतील निदान तीन तास पुस्तक मिटून, कागदावर उत्तरे लिहिण्यात गेले पाहिजेत.

वेळापत्रक आखताना बहुतेक जण पहिल्या दिवसापासून पुढे मोजत जातात आणि तिथेच घोटाळा होतो. पहिले वाचन लांबत जाते आणि उजळणीसाठी म्हणून ठेवलेले दिवस तेच खाऊन टाकते. माझा आग्रह असा, की मोजणी परीक्षेच्या दिवसापासून मागे यावी आणि उजळणीचे दिवस सर्वांत आधी बाजूला काढावेत.

अलीकडच्या परीक्षांत बहुतेक पेपर एक दिवसाआड असतात. एक पेपर संध्याकाळी पाचला सुटतो आणि पुढचा पेपर परवा दुपारी दोनला सुरू होतो. मध्ये मिळतात ४५ तास. दोन रात्रींची झोप, जेवणखाण, केंद्रापर्यंतचा प्रवास आणि पेपर देऊन आल्यावरचा शीण वजा केला, तर हाती जेमतेम वीस तास उरतात. विद्यार्थ्यांमध्ये ज्याला ‘दीड दिवसाची रिव्हिजन’ म्हणतात, ती हीच. तुमचा सहा महिन्यांचा सगळा अभ्यास या वीस तासांसाठी आहे असे समजा. फायनान्शिअल रिपोर्टिंगसारखा अवाढव्य विषय वीस तासांत डोळ्यांखालून घालायचा असेल, तर त्याच्या टिपणांची पाने, निवडलेली उदाहरणे आणि वगळायची प्रकरणे फार आधी ठरलेली असावी लागतात. ती त्या रात्री ठरवता येत नाहीत.

आता दिवसांचा हिशेब. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हे १८१ दिवस होतात (लीप वर्षात एक जास्त). मार्च आणि एप्रिल हे ६१ दिवस पूर्णपणे उजळणी व सराव चाचण्यांसाठी राखून ठेवा आणि काही झाले तरी पहिल्या वाचनाला त्यांना हात लावू देऊ नका. फेब्रुवारीअखेरपर्यंत १२० दिवस उरतात. माझी वाटणी अशी असेल : फायनान्शिअल रिपोर्टिंगला २६ दिवस, डायरेक्ट टॅक्सला २४, अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शिअल मॅनेजमेंटला २०, ऑडिटला १८ आणि इनडायरेक्ट टॅक्सला १६. सहावा पेपर, म्हणजे इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, हा पुस्तक सोबत ठेवून सोडवायचा केस स्टडीचा पेपर आहे आणि त्यात इतर पेपरांतलेच ज्ञान एकत्र वापरावे लागते. म्हणून त्याला या टप्प्यात केस सोडवण्याचे चार दिवस पुरेत. पुस्तक जवळ असते म्हणून या पेपराला गृहीत धरणारे पुष्कळ असतात, परंतु कोणती गोष्ट कुठे आहे हे आधी माहीत नसेल तर पाने उलटण्यातच वेळ जातो. ही बेरीज १०८ दिवसांची झाली. उरलेले १२ दिवस कोणत्याही विषयाला देऊ नका. घरात लग्नकार्य निघते, ताप येतो, एखादे प्रकरण दुप्पट वेळ घेते. हे दिवस त्यासाठी आहेत.

मार्चमध्ये पहिल्या पाच पेपरांना प्रत्येकी पाच दिवस आणि सराव चाचण्यांना सहा दिवस. एप्रिलमध्ये त्या पाच पेपरांना प्रत्येकी तीन दिवस, सहाव्या पेपराला तीन दिवस, पुन्हा सहा दिवस पूर्ण वेळेच्या चाचण्या, आणि शेवटचे सहा दिवस पहिल्या पेपरांच्या तयारीला. चाचण्यांसाठी इन्स्टिट्यूटचे (सीएच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे) मॉक टेस्ट पेपर आणि आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) वापरा. त्या दुपारी दोन ते पाच याच वेळेत द्या, कारण जेवणानंतरच्या सुस्तीत तीन तास लिहिण्याची सवयही लावून घ्यावी लागते.

वाचन आणि लेखन यांतला फरक एका उदाहरणाने दाखवतो. कन्सॉलिडेशनचे, म्हणजे मुख्य कंपनी आणि उपकंपनी यांचे ताळेबंद एकत्र करण्याचे, १४ गुणांचे गणित घ्या. पेपर १०० गुणांचा आणि १८० मिनिटांचा, म्हणजे या गणिताच्या वाट्याला साधारण २५ मिनिटे येतात. पुस्तकातले उत्तर वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि विषय झाला असे वाटते. तेच गणित कोऱ्या कागदावर घेतले की उपकंपनी ताब्यात घेतल्याच्या तारखेनंतरचा नफा वेगळा काढायचा राहतो, नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्टचा (उपकंपनीच्या इतर भागधारकांचा) हिस्सा चुकतो, गुडविलचा आकडा जुळत नाही आणि ४० मिनिटे होऊनही ताळेबंद बसत नाही. असे गणित नोव्हेंबरात अडले तर काहीच बिघडत नाही. अडलेल्या पायरीपुढे लाल खूण करा, दोन दिवसांनी तेच गणित पुन्हा घ्या, आणि उजळणीच्या वेळी फक्त लाल खुणांची गणिते सोडवा. वीस तासांत विषय बसवण्याचा माझ्या माहितीतला हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

ऑडिटचे तंत्र वेगळे आहे. तिथे समजलेले असूनही गुण जातात, कारण उत्तरात मानकाची भाषा उतरत नाही. एसए (ऑडिटचे मानक) ७०५ प्रमाणे अभिप्रायात बदल करायचा की एसए ७०६ प्रमाणे केवळ लक्ष वेधणारा परिच्छेद द्यायचा, असा प्रश्न आला तर दोन्हींतला फरक तुम्हाला फर्ममधल्या कामामुळे ठाऊक असेल, परंतु तो नेमक्या शब्दांत लिहिण्यासाठी रोज दोन उत्तरे हाताने लिहावी लागतील. दुपारची वेळ याला द्या आणि गणिताचे विषय सकाळी ठेवा.

दोन्ही ग्रुप द्यावेत का? माझ्या मते, द्यावेत. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० गुण लागतात, हे तुम्ही जाणताच. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले तर एकूण ६०० पैकी ३०० ही बेरीजही ग्राह्य धरली जाते. समजा, पहिल्या ग्रुपमध्ये १४० आणि दुसऱ्यात १६२ आले. पहिला ग्रुप एकटा दिला असता तर दहा गुणांनी राहिला असता, इथे मात्र ३०२ गुणांवर दोन्ही निघतात. पूर्ण वेळ हाताशी असताना हा फायदा सोडू नये. फेब्रुवारीअखेर दोन विषयांचे पहिले वाचनसुद्धा अपुरे राहिले असेल, तरच एका ग्रुपचा विचार करा आणि तो निर्णय परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी घ्या.

ऑक्टोबरपर्यंतचा काळही वाया जाऊ देऊ नका. सेल्फ-पेस्ड मॉड्यूलचे (स्वतःच्या गतीने करायच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे) चारही संच उत्तीर्ण झाल्याशिवाय फायनलला बसता येत नाही आणि ते नोव्हेंबरात गळ्यात राहिले तर वर मांडलेला हिशेब कोलमडतो. टॅक्स ऑडिटच्या मुदतीमुळे सप्टेंबरात फर्ममध्ये मान वर करायला वेळ मिळत नाही, हे मी जाणून आहे. तेव्हा उरलेले संच ऑगस्टमध्येच उरकून घ्या. करविषयांची पुस्तके घेण्यापूर्वी तुमच्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या सुधारणा लागू आहेत, याची इन्स्टिट्यूटची सूचना वाचा. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यामुळे सीनिअरनी दिलेल्या जुन्या नोट्सवर या वेळी विसंबून राहणे धोक्याचे आहे.

प्रश्न : मी नागपूरमध्ये एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी करतो. आर्टिकलशिप पूर्वीच पूर्ण झाली आहे, पण फायनलचा एक ग्रुप राहिला आहे. मे महिन्यात एका पेपरात ६२ गुण मिळून एक्झम्प्शन (तो पेपर पुन्हा देण्यातून सूट) मिळाले, ग्रुप मात्र पुन्हा राहिला. घरी दोन लहान मुले आहेत. नोकरी सोडून अभ्यास करावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नोकरी सोडू नका. तुमच्यापुढचे काम तुम्हाला वाटते त्याहून आटोपशीर आहे. ग्रुपसाठी १५० गुण लागतात, त्यांतले ६२ तुमच्या खात्यावर आहेत. उरलेल्या दोन पेपरांत प्रत्येकी किमान ४० आणि दोन्ही मिळून ८८ गुण हवेत. तयारी मात्र प्रत्येकी ५५ गुणांच्या हिशेबाने करा.

तुम्ही लक्षात ठेवण्याजोगी बाब एक्झम्प्शनच्या मुदतीची आहे. ते पुढील तीन परीक्षांपुरते असते आणि फायनल जानेवारी, मे व सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाल्यापासून तीन परीक्षा म्हणजे एकच वर्ष. तुम्ही परीक्षेला बसा वा न बसा, ती परीक्षा मोजली जाते. सप्टेंबरची परीक्षा आता तोंडावर आली आहे, आणि मे महिन्याची परीक्षा मार्चएन्डचे क्लोजिंग व त्यामागून येणारे ऑडिट यांच्या धबडग्यात सापडते. म्हणून सगळा जोर जानेवारीवर लावावा आणि मे हा केवळ राखीव अटेम्प्ट मानावा.

ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत सुमारे वीस आठवडे मिळतात. सोमवार ते शनिवार पहाटे साडेचार ते सात असे अडीच तास आणि रविवारी सहा तास धरले तर आठवड्याचे २१ आणि एकूण ४२० तास होतात. एकदा पूर्ण केलेल्या दोन विषयांसाठी हा वेळ भरपूर आहे. रात्रीचा अभ्यास ठरवू नका. मुले झोपेपर्यंत दहा वाजतात आणि दिवसभर आकड्यांत गेलेल्या डोक्याला तेव्हा नवे काही पेलत नाही. अर्जित रजा शिल्लक असेल तर दिवाळीत न घेता डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी ठेवा, आणि वरिष्ठांच्या कानावर ही गोष्ट आत्ताच घाला. घरातही पत्नीशी बसून या वीस आठवड्यांचे नीट बोलणे करून घ्या. रविवारचे सहा तास खरे तर त्याच तुम्हाला देणार आहेत, तेव्हा दुपारनंतरचा रविवार मुलांचा राहील, हा शब्द पाळा.

प्रश्न : माझी मुलगी कुडाळला बारावी कॉमर्सला आहे. तिला बोर्डाच्या परीक्षेनंतर लगेच सीए फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा द्यायची आहे. दोन्ही अभ्यास एकत्र झेपतील का? तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे.
– एक पालक, कुडाळ

उत्तर : ताई, नक्की झेपतील. १ जानेवारीपर्यंत तिची नोंदणी झालेली असू द्या, म्हणजे चार महिन्यांच्या अभ्यासकाळाची अट पूर्ण होऊन उन्हाळ्यातल्या परीक्षेला बसता येईल. डिसेंबरपर्यंत तिने वेगळा अभ्यास करू नये. बोर्डाच्या पुस्तपालनातली भागीदारीची खाती, विपत्रे आणि भागांची विक्री ही प्रकरणे मन लावून केली तर फाउंडेशनच्या अकाउंटिंगचा चांगला भाग आपोआप होतो. बोर्डाचे पेपर मार्चमध्ये संपले की उरलेल्या दोन महिन्यांत सकाळी क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड, दुपारी अकाउंटिंग व इकॉनॉमिक्स आणि संध्याकाळी बिझनेस लॉ असा क्रम ठेवावा.

तिची खरी अडचण माध्यमाची असेल. पेपर इंग्रजी किंवा हिंदीतच लिहावा लागतो. त्यात लॉचा पेपर दीर्घोत्तरी आहे. कराराच्या कायद्यातले कलम तिला मराठीतून छान समजेल, पण उत्तर इंग्रजीतून लिहिताना वाक्य अडेल. म्हणून आत्तापासून तिने रोज एका प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत, दहा-बारा ओळींत, हाताने लिहावे आणि शाळेतल्या एखाद्या शिक्षकांकडून ते तपासून घ्यावे. अ‍ॅप्टिट्यूड आणि इकॉनॉमिक्स हे दोन पेपर बहुपर्यायी आहेत आणि त्यांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. सराव चाचणी देताना अंदाजाने टिक केलेल्या प्रश्नांपुढे तिला खूण करायला सांगा आणि निकाल पाहताना त्या प्रश्नांचे गुण वेगळे मोजा. अंदाजांनी गुण वाढत आहेत की घटत आहेत, हे पाच-सहा चाचण्यांत तिचे तिलाच समजेल.