जुन्या पोस्टरांवरचा जाड स्लॅब सेरिफ (चौकोनी पायांच्या अक्षरांचा) टाइप मला फार आवडतो. कॉफीच्या दुकानाची पाटी, मेनू आणि पार्सलचे खोके सगळीकडे तोच वापरू का?

पाटीवर आणि खोक्यांवर बिनधास्त वापरा. मेनूत मात्र फक्त शीर्षकांना. पदार्थ आणि किमतीही त्यातच टाकल्यात तर गिऱ्हाईक मेनू वाचायच्या फंदातच पडणार नाही.

हा टाइप घडलाच मुळी भिंतीवरून ओरडण्यासाठी. 1815च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने असे जाड, चौकोनी पायांचे टाइप ओतले. लॉटरी, नाटकं, लिलाव यांची पत्रकं तेव्हा रस्त्यावर एकमेकांवर कुरघोडी करत होती आणि पुस्तकी टाइप तिथे लांबून दिसायचाच नाही. शिशाची मोठी अक्षरं महाग, शिवाय उचलायला जड. 1827मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने यंत्राने लाकडी अक्षरं कापायला सुरुवात केली आणि हवी तेवढी मोठी अक्षरं परवडू लागली. सर्कशीची आणि ‘वाइल्ड वेस्ट’ची जी पोस्टरं तुमच्या डोळ्यांसमोर असतील, ती या लाकडी टाइपांची.

गूगल फॉन्ट्सवरचा अल्फा स्लॅब वन त्याच जातीचा आहे. फुकट आहे, धंद्यासाठीही चालतो. रेघा जाड असल्याने विनाइल कापताना तुटत नाहीत. रबरी शिक्का आणि खाकी खोक्यावरचं स्क्रीन प्रिंटिंगही छान उठतं. पण आकार लहान केलात की ‘e’ आणि ‘a’ची पोटं शाईने बुजतात. वजन (म्हणजे रेघांची जाडी) एकच मिळतं. सॉफ्टवेअरचं बोल्ड बटण वर आणखी दाबू नका. मेनूत हीच चव हवी असेल तर क्लॅरेंडनच्या घराण्यातलं काहीतरी बघा. 1845चा तो टाइप साध्या मजकुरात ठळक शब्द बसवता यावेत म्हणून केलेला, त्यामुळे लहान आकारात निभावतो. (कायद्याचं तीन वर्षांचं संरक्षण संपताच टाइप ओतणाऱ्या इतर कारखान्यांनी तो सर्रास उचलला!)

आता खरी अडचण. दुकान महाराष्ट्रात असेल तर पाटी देवनागरीतही लागेल, आणि ते अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. तिथे कान्याच्या तळाला चौकोनी पाय चिकटवलेले मी पाहिलेत. प्रत्येक अक्षराला काहीतरी जोडलंय असा भास होतो आणि ‘रामा’ वाचतानाही अडखळायला होतं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, त्यांना खाली पाय कशाला? पाय जुळवू नका, जाडी जुळवा. यात्रा वन हा मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला फॉन्ट शेजारी शोभतो. तो अल्फापेक्षा हलका आहे, म्हणून मराठी नाव थोडं मोठं घ्या. नियमही आपोआप पाळला जाईल. चांगला पेंटर हाताशी असेल तर मी फॉन्टच्या भानगडीत पडणार नाही. इंग्रजी नावाची खऱ्या मापाची प्रिंट त्याला द्या आणि कान्याची जाडी ‘I’च्या उभ्या रेघेइतकी ठेवायला सांगा.