पाश्चात्य देशांत योग म्हणजे फक्त आसनं, असं का झालं?

कारण तिकडे जी परंपरा रुजली, तीच मुळात आसनांवर भर देणारी होती. विवेकानंदांच्या ‘राजयोग’मध्ये (१८९६) सगळा रोख ध्यानावर आहे, आसनांना जागा जेमतेम. पण १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात योगगुरू कृष्णमाचार्य मुलांकडून कसून आसनं करून घेत. त्यांच्याच शिष्या इंद्रादेवींनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडला वर्ग काढला; पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार १९५४ पासून युरोपात शिकवू लागले. शिवाय आसन डोळ्यांना दिसतं, तासाभराच्या वर्गात बसतं, त्याची फी लावता येते. यम-नियमांचं, म्हणजे सत्य-अहिंसेसारख्या आचरणाच्या नियमांचं, काय करणार? (पतंजलींच्या ‘योगसूत्रां’तल्या १९५-९६ सूत्रांत आसनावर थेट तीनच आहेत!) मात्र सगळं खापर गोऱ्यांच्या माथी फोडू नका: हा कल म्हैसुरातच दिसू लागला होता, आणि अय्यंगार स्वतः यम-नियमांवरही बोलत.