अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलने लिव्हर सावरेल का?

ताई, दिरांनी आणलेल्या अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल रोज दारू पिणाऱ्या मिस्टरांना लिव्हरसाठी सुरू कराव्यात का आणि डाळ-अंडी बंद करावीत का, असं तुम्ही विचारलंय. कॅप्सूलवर पैसे घालू नका आणि डाळ-अंडी मुळीच तोडू नका. सोलापुरात लॅबमध्ये काम करताना हे दोन्ही सल्ले पेशंटच्या घरच्यांकडून सतत ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्स या कणांना निकामी करणारा पदार्थ. लिव्हरचं मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे ग्लुटाथायोन. लिव्हर ते स्वतःच बनवतं, ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमायनो आम्लांपासून. यातलं सिस्टीन बरंचसं मेथिओनिन या आणखी एका अमायनो आम्लापासून येतं आणि दारू नेमकी हीच वाट अडवते. दारूपासून तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड या वाटेवरची एन्झाइम बिघडवतं, फोलेट आणि बी-६ ही जीवनसत्त्वं कमी पडतात, वाटेतला मधला पदार्थ होमोसिस्टीन रक्तात साचतो. त्याच वेळी रोजच्या पिण्याने सीवायपी-२ई१ हे एन्झाइम वाढतं आणि फ्री रॅडिकल्स तयार करत राहतं. म्हणजे खर्च वाढलेला आणि आवक आटलेली. पिणं चालू असेल तोवर कॅप्सूल इथे काही करू शकत नाही. उलट डबीवर अ जीवनसत्त्वाचा किंवा बीटा-कॅरोटिनचा मोठा डोस लिहिलेला असेल, तर दारूसोबत तो लिव्हरलाच अपाय करतो.

तुम्ही टाकलेल्या रिपोर्टमध्ये एसजीओटी १४०, एसजीपीटी ५५ आहे; लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असला की दारूचा संशय बळावतो. एसजीपीटीला कामासाठी बी-६ लागतं आणि तेच कमी असतं, हे त्यामागचं एक कारण.

लिव्हर थकलं की प्रथिनांपासून तयार होणारा अमोनिया साचतो, म्हणून पूर्वी प्रथिनं बंद करत. पण त्यातला बराच अमोनिया स्नायू उचलतात आणि खाणं तोडलं की स्नायूच झिजतात. आता सिरॉसिसमध्येही (लिव्हर कडक होऊन आकसतं तेव्हा) रोज वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यायला सांगतात. नुसत्या ज्वारीत लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं, म्हणून भाकरीसोबत डाळ, दही, अंडं हवंच. पोटात पाणी किंवा पायाला सूज असेल, तर शेंगाचटणी-लोणच्याचं मीठ सांभाळा. झोपण्याआधी दूध-भाकरी द्या, रात्रभराच्या उपाशीपणात स्नायू तुटतात.

अंग दुखतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका. त्याचा विषारी अंश निकामी करायलाही ग्लुटाथायोनच लागतं.

आणि ताई, कितीही चीड आली तरी बाटली एकदम हिसकावून घेऊ नका. रोज पिणारा माणूस अचानक थांबला तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जिवावरही बेततं. सिव्हिलमध्ये मानसोपचार आणि मेडिसिन, दोन्हीकडे दाखवा. सलाइन लावायची वेळ आलीच, तर दारू रोजची आहे हे आधी सांगा, म्हणजे ते ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देतील. रक्ताची उलटी, काळी शौच, दिवसा गुंगी आणि रात्री जागरण, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.