वाचकांचे प्रश्न : प्लेसमेंट टेस्ट म्हणजे नोकरी नव्हे, वर्ग ठरवायचा

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही परदेशी भाषेबद्दलची.

प्रश्न : ताई, मी चाळीसगाव तालुक्यातली. दहावी झेडपीच्या आणि मग गावच्या हायस्कूलला, सेमी इंग्लिश. बारावी जळगावला केली, तिथे जर्मन घेतली होती, १०० पैकी ९३ पडले. आता अमेरिकेत एका कॉलेजला स्कॉलरशिपवर बॅचलर्सला ॲडमिशन मिळालीय. त्यांचा मेल आलाय की फॉरेन लँग्वेजची अट आहे, आधी प्लेसमेंट टेस्ट द्या. आम्हाला सगळ्यांना वाटलं नोकरीचं काहीतरी आहे. पप्पा म्हणतात ९३ आहेत तर वरच्या वर्गात बस, लवकर सुटशील. मैत्रीण म्हणते मुद्दाम चुकव, खालचा वर्ग सोपा जाईल. आणि मराठी चालते का हो या अटीत?

उत्तर : बेटा, आधी मनापासून अभिनंदन, तुझं आणि पप्पांचंही. आपल्याकडे प्लेसमेंट म्हटलं की कंपनी कॅम्पसवर येते, तिकडे भाषेच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की तुला कुठल्या वर्गात बसवायचं. यात पास-नापास नसतं आणि बहुतेक ठिकाणी या टेस्टचे मार्क ट्रान्सक्रिप्टवर (तिकडच्या मार्कशीटवर) येतही नाहीत.

आता अट. तिकडच्या बऱ्याच कॉलेजात डिग्रीसाठी एखादी भाषा ठराविक पातळीपर्यंत शिकावीच लागते, कुठे दोन सेमिस्टर, कुठे चार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात इंटरमिजिएटचा, म्हणजे मधल्या पातळीचा, दुसरा सेमिस्टर पूर्ण करावा लागतो, म्हणजे शून्यापासून सुरू केलं तर साधारण चार सेमिस्टर. टेस्टमध्ये जितकं वर बसशील तितके सेमिस्टर वाचतात, म्हणून पप्पांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं.

पण बारावीचे ९३ कशाचे आहेत ते बघ. ८० लेखी, २० तोंडी, आणि लेखीत आपण काय करतो, व्याकरणाचे नियम पाठ, निबंध पाठ, भाषांतर पाठ. तिकडे वर्गात शिक्षिका पहिल्या मिनिटापासून जर्मनमध्येच बोलेल आणि तुला विचारेल सुट्टीत काय केलंस. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी स्वतः पुण्याला परदेशी भाषा शिकायला गेले तेव्हा हातात सर्टिफिकेट होतं, ते बघून मला थेट दुसऱ्या लेव्हलला बसवलं, कुणी दोन वाक्यं बोलून बघितलं नाही, आणि मीही आनंदाने बसले. तीन आठवडे मी फक्त मान हलवत होते, घरी फोन केला की सांगायचे छान चाललंय, आणि रात्री रडायचे. शेवटी मीच जाऊन खालचा वर्ग मागून घेतला. तिथून पुढे जी भाषा आली तिच्यावर माझं अख्खं घर चाललं. म्हणून सांगते, टेस्ट देताना गूगल ट्रान्सलेट नको, भावाची मदत नको, पुस्तक नको. जे येतं ते लिही, येत नाही ते सोड.

मैत्रिणीचा सल्ला तर अजिबात ऐकू नको. मुद्दाम चुकवून खाली बसलीस तर आठवड्याभरात शिक्षकांच्या लक्षात येतं, वर उचलतात किंवा वर्ग बदलायला लावतात, आणि ज्यांनी खरंच पहिल्यांदा अक्षरं बघितलीत त्या मुलांचा वर्ग तुझ्यामुळे बिघडतो. एखादी लेव्हल चुकली असं खरंच वाटलं तर पहिल्या एक-दोन आठवड्यात सांगायचं, त्याला ॲड-ड्रॉपचा काळ म्हणतात, तेव्हा बदल सहज होतो, नंतर नाही.

मराठीचं. हा तुझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्यांचं शालेय शिक्षण इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत झालंय त्यांना बरीच कॉलेजं ही अट माफ करतात किंवा पूर्ण झाली असं धरतात. सगळीच करत नाहीत, म्हणून तुझ्या ॲकॅडमिक ॲडव्हायजरला (विषय निवडायला मदत करणारे कॉलेजचे सल्लागार) आत्ताच मेल टाक, सोबत दहावीची मार्कशीट (मराठी प्रथम भाषा दिसेल अशी) आणि मुख्याध्यापकांचं पत्र की इतिहास-भूगोल मराठीतून शिकवले जात होते. सेमी इंग्लिश म्हणजे काय ते त्यांना माहीत नसणार, गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत, असं दोन ओळीत समजावून लिही. मराठीची लाज वाटून लपवू नको. शिकागो विद्यापीठात मराठी रीतसर शिकवली जाते. आणि क्रेडिट (डिग्रीसाठी जमवावे लागणारे गुणांक) मिळतील म्हणून बिगिनर हिंदीचा वर्ग घ्यायचा विचार असेल तर तो सोड, आपण पाचवीपासून हिंदी वाचलेली, नवशिक्यांच्या त्या वर्गात ते घेत नाहीत.

माफी मिळाली तरी जर्मन सोडू नकोस असं माझं मत. माफी मिळाली तर मार्कांची घाई राहत नाही, उलट तेव्हाच निवांत शिकता येतं.

प्रश्न : नमस्कार. रावेरला आमची केळीची शेती आहे. मुलगा जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणतो नवीन शिक्षण धोरणात फॉरेन लँग्वेज कंपल्सरी झाली, क्लासला पैसे द्या. जर्मन घ्यावी की जपानी, आणि किती दिवसात येते?

उत्तर : भाऊ, कंपल्सरी नाहीये. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो क्रेडिटचा आराखडा काढला त्यात भाषेचे ८ क्रेडिट आहेत पण ते आधुनिक भारतीय भाषा आणि इंग्रजीचे. परदेशी भाषा कॉलेजने ठेवली तर इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून. पण पोरगा स्वतःहून शिकायचं म्हणतोय, तर रागावू नका त्याच्यावर. आधी फुकटातलं करू द्या, स्वयं-एनपीटीईएलवर (सरकारी ऑनलाइन कोर्सची वेबसाइट) जर्मन आणि जपानी दोन्हीचे सुरुवातीचे कोर्स येतात. दोन महिने टिकला तर मग क्लास.

जर्मन की जपानी? नेटवर एक यादी फिरते, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या ट्रेनिंग संस्थेची, त्यात जर्मनला साधारण ३६ आठवडे आणि जपानीला ८८ आठवडे लिहिलेत आणि लोक ती बघून घाबरतात. पण ती यादी इंग्रजी बोलणाऱ्यांची आहे हो. आपण 'मी भात खाते' म्हणतो, जपानी माणूस 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु' म्हणतो, मी, भात, खाते, क्रियापद शेवटी, आणि आपण जसं घर-ला, घरा-त म्हणतो तसे त्यांचेही प्रत्यय शब्दाच्या मागे. 'त्सु' म्हणायला इंग्रजी पोरांची जीभ अडते, आपण चूल म्हणताना तोच च बोलतो. कांजी, म्हणजे त्यांची चिनी चित्राक्षरं, मात्र कुणालाच सोपी नाही, तिथे रोज बसावंच लागतं. जर्मनमध्ये तीन लिंगं, तीही आपल्याला नवी नाहीत, ते लेकरू तसं दास किंड.

दिवसांचं म्हणाल तर जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशोबाने ए-१ ला (अगदी पहिली पातळी) ८० ते २०० तासिका (४५ मिनिटांच्या) आणि बी-१ ला (मधली पातळी) ३५० ते ६५०. 'तीन महिन्यात बी-१' असा बोर्ड दिसला तर एवढा आकडा विचारा, की रोज किती तास घेणार. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यात सेंटर आहे, एन-५ सगळ्यात खालची, १८० पैकी ८० ला पास. पण त्यात बोलायची परीक्षाच नसते. म्हणून एन-४ चा (एन-५ च्या वरची पायरी) कागद असलेला मुलगा इंटरव्ह्यूत नाव-गाव सांगताना अडकतो. क्लास निवडताना बोलायला किती लावतात तेवढं बघून या, एक दिवस मागच्या बाकावर बसू द्या म्हणावं.

प्रश्न : मी नंदुरबारच्या धडगाव भागातला, बी.ए. पहिलं वर्ष. घरी भिली बोलतो. मला फ्रेंच शिकायचंय पण सगळे म्हणतात तुझं इंग्रजीच कच्चं, अजून एक भाषा झेपणार नाही. एकाने तर सांगितलं आधी इंग्रजी पूर्ण कर मग बघू.

उत्तर : भाऊ, तू घरी एक, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी आणि कॉलेजात चौथी भाषा वापरतोस, रोज, न अडखळता. हे म्हणणारे किती भाषा बोलतात ते विचार. शाळेत पहिल्या दिवशी कुणी तुला मराठीची प्लेसमेंट टेस्ट घेतली नव्हती, सरळ वर्गात बसवलं आणि तू ऐकत ऐकत शिकलास, ते काय सोपं होतं? २०११ च्या जनगणनेत नुसत्या खान्देशी बोलणाऱ्यांची संख्या १८ लाखांच्या वर आहे, आपल्या भागात घरी एक आणि शाळेत एक असं सगळ्यांचंच आहे, आणि तरी पोरांना सांगतात की भाषा झेपणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दिल्लीच्या जेएनयूत फ्रेंचसारख्या भाषांचं बी.ए. ऑनर्स आहे, सुरुवात अगदी पहिल्या अक्षरापासून, प्रवेश सीयूईटीतून (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा). हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठही बघ. तोपर्यंत डेल्फ (फ्रेंचची सरकारमान्य परीक्षा) ए-१ ची तयारी घरबसल्या सुरू कर, ते सर्टिफिकेट कायमचं चालतं, एक्सपायर होत नाही. इंग्रजी सोबत चालू ठेव, फ्रेंचमुळे ती बिघडणार नाही, दोन्हीत सारखे शब्द ढिगाने आहेत. फॉर्म भरताना काही अडलं तर परत लिही, सीयूईटीचा फॉर्म सुटतो तेव्हा लगेच लिही, शेवटच्या दिवशी धडगावला नेट चालेल याचा भरवसा धरू नकोस.